घट्ट घास, मऊ घास : बाळाच्या वरच्या आहाराविषयी वाचकांचे प्रश्न

सहा महिने ते एक वर्ष या वयाच्या बाळांच्या खाण्याविषयी इतकी पत्रे आली आहेत, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला देत आहे. बाळाला काय द्यावे, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. ते किती घट्ट असावे, किती बारीक असावे आणि त्याचा पोत केव्हा बदलावा, याविषयी मात्र पत्रांमध्ये फार संभ्रम दिसतो, आणि माझ्या मते बाळांचे अधिक नुकसान तिथेच होते. पुढील उत्तरे पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या, निरोगी बाळांना गृहीत धरून लिहिली आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी किंवा गिळण्याचा, हृदयाचा, टाळूचा काही त्रास असलेल्या बाळांनी वरचे अन्न केव्हा आणि कसे सुरू करावे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रश्न : माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. सहा महिने पूर्ण झाल्यापासून मी त्याला मऊ भात, मुगाचे वरण, लाल भोपळा, गाजर असे सगळे देते. पण ते मिक्सरमधून काढून आणि वर गाळणीने गाळून. मागच्या आठवड्यात भात न वाटता नुसता कुस्करून भरवला, तर त्याने ओकारी काढली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाई म्हणतात, दात येईपर्यंत असा घास देऊ नकोस, घशात अडकेल. मलाही आता भीती वाटते. — एक आई, बावधन

उत्तर : घास अडकणे ही खरोखरच गंभीर गोष्ट आहे, म्हणून सासूबाईंच्या भीतीचाच विचार आधी करू. तुमच्या मुलाला जे झाले, ती ओकारीची उबळ होती, श्वास कोंडणे नव्हे. सहा-सात महिन्यांच्या बाळात ही उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला स्पर्श झाला तरी येते. मोठ्या माणसात ती जागा पार घशाजवळ असते. न पेलणारा घास मागे जाण्याआधीच पुढे ढकलून द्यावा, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. उबळ येते तेव्हा बाळाचा चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, आवाज होतो, आणि काही क्षणांत ते सावरते. श्वास कोंडतो तेव्हा याच्या उलट घडते : बाळाचा आवाजच बंद होतो, त्याला रडता किंवा खोकता येत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. हा फरक घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा, कारण उबळ दिसली की घाबरून पुन्हा मिक्सरकडे वळणारी घरे पुष्कळ आहेत.

घासाचा अनुभव मिळत जातो, तशी उबळ येण्याची जागा हळूहळू मागे सरकते. गाळलेले अन्न जिभेला काहीच काम देत नाही. ते दुधासारखेच ओढून गिळता येते. घास जिभेने एका बाजूला नेणे, हिरड्यांखाली दाबणे, पुन्हा मध्ये आणणे आणि मग गिळणे, ही सारी कौशल्ये बाळ सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंतच्या काळात सरावाने शिकते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांची वाढ संशोधकांनी वर्षानुवर्षे पाहिली. त्यात असे दिसले, की ज्यांना गुठळ्या असलेले, भरड अन्न नऊ महिन्यांनंतर मिळू लागले, त्यांच्यात सातव्या वर्षीही खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या आणि भाज्या-फळे खाण्याचे प्रमाण कमी होते. अशा पाहणीतून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण चौथ्या वर्षीही फक्त खिमट आणि दूध-बिस्किटावर राहणाऱ्या मुलांचे आईवडील जेव्हा मागची हकिगत सांगतात, तेव्हा तिच्यात वर्षभर चाललेला मिक्सर वारंवार येतो.

दातांचा मुद्दा राहिला. पुढचे दात तुकडा तोडण्यासाठी असतात. चावण्याचे काम दाढांचे, आणि पहिल्या दाढा बहुतेक मुलांना वर्ष उलटून गेल्यावर येतात. म्हणजे दातांची वाट पाहायची म्हटली, तर बाळ वर्षाहून मोठे होईपर्यंत थांबावे लागेल. आठ महिन्यांच्या बाळाच्या हिरड्या चांगल्या टणक असतात. शंका असेल तर स्वच्छ धुतलेले बोट त्या हिरड्यांमध्ये ठेवून पाहावे. शिजलेला गाजराचा काप त्यांना सहज चिरडता येतो.

आता करायचे ते असे. गाळणी आजच बाजूला ठेवा आणि मिक्सर येत्या आठवड्याभरात. सुरुवातीला भात नेहमीपेक्षा अधिक पाण्यात, कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवून शिजवा आणि डावाने किंवा वाटीच्या बुडाने घोटा. तो चमचा तिरका केला तरी खाली ओघळणार नाही, इतका घट्ट असावा. बाळाने तो चार-पाच दिवस नीट खाल्ला की घोटणे कमी करून शिते थोडी अख्खी राहू द्या. यानंतर भोपळा, बटाटा, रताळे, फ्लॉवर काट्याने नुसते मोडून द्या. इथे एक बारकावा आहे, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : पातळ वरणात तरंगणारी भाताची शिते हा बाळासाठी सर्वांत अवघड घास असतो, कारण पाणी आधी घशाकडे धावते आणि शिते मागे राहतात, आणि एकाच वेळी दोन्ही सांभाळणे त्याला जमत नाही. त्यामुळे वरण-भात देताना वरण भातात पूर्ण मुरवून, एकजीव करून द्यावा. तुमच्या मुलाला आलेली उबळ कदाचित अशाच घासामुळे आली असेल.

आठ महिने पूर्ण झालेल्या बाळाला हातात धरून खाण्याचे पदार्थही द्यायला हवेत. उकडलेल्या गाजराचे किंवा रताळ्याचे बोटाएवढे लांब काप, पिकलेली पपई, केळ्याचा उभा तुकडा, इडली, मऊ घावन, उकडलेल्या अंड्याची फाक यांनी सुरुवात करता येईल. पदार्थ अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून हलके दाबल्यावर चिरडला गेला, तर तो बाळाच्या हिरड्यांना झेपेल असे समजावे. यातले निम्मे अन्न जमिनीवर जाईल, थोडे केसांत जाईल. ते जाऊ द्यावे. दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला चिमूट जमू लागली, की याच पदार्थांचे लहान तुकडे करून ताटलीत ठेवावेत. वर्ष पूर्ण होईपर्यंत घरात शिजलेले अन्न, तिखट आणि मीठ घालण्यापूर्वी काढून ठेवून, थोडे मऊ करून त्याला खाता आले पाहिजे : वरणात भिजवलेली भाकरी, फोडणीत भरपूर मिरची नसलेला उपमा, पालेभाजी घातलेले मऊ थालीपीठ.

खाताना बाळ ताठ बसलेले असावे, आडवे किंवा मांडीवर मागे रेललेले नसावे. त्याच्यापाशी मोठे माणूस सतत बसलेले असावे आणि भरवणाऱ्याने घाई करू नये. दहा महिने झाल्यानंतरही प्रत्येक भरड घासाला ओकारी येत असेल, दूध पितानाही ठसके लागत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मी आजी आहे. माझ्या तिन्ही मुलांना मी सहाव्या महिन्यात डाळीचे पाणी, भाताची पेज आणि नाचणीचे सत्त्व देऊन वाढवले. आता नातीची उष्टावण झाली आहे आणि सून म्हणते, की डाळीचे पाणी द्यायचे नाही, घट्ट वरणच द्यायचे. एवढ्याशा पोटाला ते पचेल का? — एक आजी, चिंचवड

उत्तर : आपण तीन मुले वाढवली आहेत, त्यामुळे आपल्या अनुभवाचा मान राखूनच लिहितो. या बाबतीत आपल्या सुनेचे म्हणणे योग्य आहे, आणि त्याचे कारण आपण स्वतः लिहिलेल्या 'एवढ्याशा पोटाला' या शब्दांतच आहे. बाळाच्या जठरात एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. सात किलोच्या नातीच्या पोटात म्हणजे एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर. ही जागा पाण्याने भरली, तर अन्नाला ती उरत नाही. डाळीची प्रथिने, लोह आणि ऊर्जा तळाशी बसलेल्या डाळीत असते. वरचे पाणी पिवळे दिसते, चवीला छान लागते, बाळ ते आवडीने पिते आणि पोट भरल्यामुळे आईचे दूधही कमी पिते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६५ ते ७० कॅलरी असतात. डाळीचे पाणी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे चांगले अन्न मागे सारून आपण हलके अन्न देतो.

दुसरे कारण लोहाचे आहे. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन जन्मते आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातील लोह उत्तम पचते, पण ते मुळातच थोडे असते. त्यामुळे सातव्या महिन्यापासून लागणारे जवळजवळ सगळे लोह वरच्या अन्नातूनच मिळवावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यात गरीब घरांप्रमाणेच खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलेही आहेत, आणि त्यामागे पेज, डाळीचे पाणी आणि दूध यांवर लांबलेले महिने हे एक मोठे कारण आहे. घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाचे मऊ कढण, मसूर, पालेभाज्या, आणि घरात चालत असेल तर अंडे, चिकनचे किंवा मटणाचे काळीज म्हणजेच कलेजी आणि काटे काढलेली मासळी, हे सारे सातव्या महिन्यापासून देता येते. डाळ-भाजीतील लोह शरीरात शोषले जावे यासाठी तयार घासावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. सरकारी आरोग्य केंद्रात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा देण्यासाठी लोहाचे औषध मिळते. त्याविषयी नातीच्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आपल्या नाचणीच्या सत्त्वाविषयी मात्र मी आपल्याच बाजूने आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की मोडांत तयार झालेली द्रव्ये पिठूळ भाग फोडतात, त्यामुळे खीर जास्त पीठ घालूनही खळीसारखी घट्ट न होता मऊ राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत अधिक अन्न जाते. फक्त सत्त्व काढताना वस्त्रगाळ करून सगळा कोंडा टाकून देऊ नये. सातव्या महिन्यात बारीक चाळणीने चाळावे, आठव्या-नवव्या महिन्यापासून मोडाच्या नाचणीचे पीठ न चाळता वापरावे, आणि साधा भात किंवा साध्या पिठाची दाट लापशी मऊ व्हावी म्हणून ती शिजवतानाही हे पीठ चमचाभर मिसळावे. वाटीमागे एक चहाचा चमचा साजूक तूप घातले, तर घास न वाढवता सुमारे ४५ कॅलरी वाढतात. हे तूप आपण नातीला आनंदाने द्यावे.

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. अंडे आणि शेंगदाणे वर्षापर्यंत देऊ नयेत, ॲलर्जी होते, असे नातेवाईक सांगतात. अंड्याचा आधी पिवळा बलक आणि वर्षानंतर पांढरा भाग, असेही कोणी सांगितले. नेमके काय करावे? — एक वडील, हडपसर

उत्तर : नातेवाईक सांगतात तो सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. तो बदलला आहे. २०१५ मध्ये लंडनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे धोका अधिक असलेल्या सहाशेहून अधिक बाळांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित सुरू केले होते, तर उरलेल्यांना पाच वर्षांपर्यंत ते दिले नाहीत. पाचव्या वर्षी पहिल्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. लांबवल्याने संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढतो, असा त्याचा अर्थ.

तेव्हा पूर्ण उकडलेले अंडे, पिवळे आणि पांढरे दोन्ही, कुस्करून आणि मऊ भातात मिसळून आता सुरू करावे. अर्धवट शिजलेले अंडे देऊ नये. शेंगदाणे कधीही अख्खे किंवा अर्धे देऊ नयेत. पाच वर्षांपर्यंत ते अडकण्याचा धोका असतो. भाजलेल्या दाण्यांचे अगदी बारीक, पिठासारखे कूट ओल्या लापशीत नीट कालवून द्यावे. भाजीत घालतो तसे जाडसर कूट या वयाला चालत नाही. पहिल्यांदा देताना पाव चमचा, सकाळच्या वेळी, बाळ बरे असताना आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ न देता द्यावे, आणि पुढचे दोन तास बाळ नजरेसमोर असावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. काही झाले नाही, तर तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीन वेळा देत राहावा. एकदा देऊन बंद करण्याने उपयोग होत नाही. मुलीला तीव्र इसब असेल किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आधीच आढळली असेल, तर दाणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. भोपळा, दुधी, चिकू अशा पदार्थांसाठी एवढी सावधगिरी लागत नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली आहे आणि मुलगा पाळणाघरात राहणार आहे. सोबत काय आणि किती पाठवू? दुकानात मिळणारे तयार सिरीयल सोयीचे वाटते. — एक आई, वाकड

उत्तर : मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणारी सव्वीस आठवड्यांची रजा प्रसूतीनंतर पूर्ण घेतली असेल, तर ती संपते तेव्हाच बाळ वरच्या अन्नाला लागते. हा योग चांगला आहे आणि अवघडही. शक्य असेल तर रजा संपण्याच्या दोन आठवडे आधी पाळणाघरातील मावशींना बाळाला तुमच्यासमोर काढलेले दूध वाटी-चमच्याने भरवू द्यावे, म्हणजे त्यांना त्याची गती आणि त्याला त्यांचा हात ओळखीचा होईल.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन ते तीन वेळा खाणे पुरते. सुरुवात दोन-तीन मोठ्या चमच्यांनी होते आणि आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी साधारण अर्धी वाटी होते. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. यातले एक किंवा दोनच खाणे पाळणाघरात होईल. सकाळचे आणि संध्याकाळचे तुमच्या हातचे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही सुरू ठेवायचे असल्यामुळे काढून ठेवलेले दूध सोबत पाठवावे. ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. बाटली उकळूनही नीट स्वच्छ राहत नाही आणि तिची सवय लागली की चमचा मागे पडतो.

शिजवलेला भात सकाळी डब्यात भरून दुपारपर्यंत बाहेर ठेवणे टाळावे, आणि पुण्यातील एप्रिल-मे महिन्यांत तर ते धोक्याचेच आहे. शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून अधिक राहिले असेल, तर ते बाळाला देऊ नये. पाळणाघरात फ्रिज असेल, तर थंड डबा पाठवून तिथे वाफ येईपर्यंत गरम करायला सांगावे; फ्रिज नसेल, तर आपले जुने खिमटाचे पीठ सर्वांत सोयीचे. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळून ठेवावी. हे कोरडे पीठ पाठवले, की मावशींना दहा मिनिटांत ताजे खिमट शिजवता येते. हे पीठ सातव्या महिन्यात बारीक दळावे, आठव्या महिन्यात रव्यासारखे आणि नवव्या-दहाव्या महिन्यात कण्यांसारखे भरडावे, म्हणजे मुद्दाम वेगळे काही न करता पोत आपोआप बदलत जातो. वाटीत उरलेले, चमचा लागलेले अन्न मात्र पुन्हा देऊ नये.

तयार सिरीयलमध्ये लोह घातलेले असते, एवढा त्याचा गुण खरा. परंतु ते कायम एकाच मऊपणाचे असते, आणि पुष्कळ प्रकारांत साखर असते. घटकांची यादी वाचूनच घ्यावे. प्रवासात एखादे वेळी चालेल, रोजचे जेवण म्हणून नको. दोन वर्षांखालील बाळांच्या अन्नाची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, यावरूनही हा विषय किती जपून हाताळावा लागतो, हे लक्षात येईल.

प्रश्न : मीठ-साखर नसेल तर बाळ खात नाही. गूळ, मध चालतो ना? — एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : बाळाला अळणी लागत नाही, अळणी आपल्याला लागते. वर्षापर्यंत वरून मीठ घालू नये आणि दोन वर्षांपर्यंत साखर घालू नये. गूळ ही साखरच आहे आणि त्यातील लोह मोजण्याइतके नसते. चवीसाठी जिरे, हिंग, कोथिंबीर, तूप, लिंबू भरपूर वापरा. मध वर्षाच्या आत एक बोटही देऊ नये, बाळगुटीत उगाळूनही नाही. मधात असू शकणारे बॉट्युलिझमचे बीजाणू घरात उकळून मरत नाहीत, आणि लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून अंग लुळे पाडणारे विष तयार करतात.

प्रश्न : माझी मुलगी दहा महिन्यांची आहे आणि वजन ७.६ किलो आहे. शेजारचे बाळ तिच्याहून लहान असून गुटगुटीत आहे. घरात सगळे मला बोलतात. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, मग दोघांनी धरून भरवावे लागते. — एक आई, धायरी

उत्तर : तुमच्या मुलीचे वजन उत्तम आहे, हे तुम्हाला बोलणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यानुसार दहा महिन्यांच्या मुलींचे मध्यम वजन ८.५ किलो आहे आणि ६.७ किलोपर्यंतची मुलगी सर्वसाधारण मर्यादेत येते. 'ते परदेशी मुलांचे तक्ते' असे कोणी म्हणाले, तर सांगावे, की ज्या सहा देशांतील मुलांवरून ते तयार झाले त्यांत भारतही आहे. शिवाय एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेषा महत्त्वाची : माता-बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याला नोंद करा आणि तिची रेषा आपल्याच वाटेने वर जाते आहे ना, एवढे पाहा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज २५ ते ३० ग्रॅमने वाढते, वर्षाच्या उत्तरार्धात रोज १० ग्रॅमच्या आसपास. आधीच्या वेगाची अपेक्षा ठेवल्यामुळेच अनेक घरांत चिंता सुरू होते.

गुटगुटीतपणाविषयी आपल्या पुण्यातच झालेले काम सांगितले पाहिजे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधील सुमारे ३.५ किलोची; पण आपल्या बाळांत कमी पडतात ते स्नायू आणि अवयव, चरबी त्या मानाने टिकून असते. बारीक दिसणाऱ्या अशा मुलाला साखर, बिस्किटे आणि पातळ दूध देऊन घाईने फुगवणे हिताचे नाही. डाळ, अंडे, दही, भाज्या यांनी सावकाश भरणे हिताचे आहे.

मोबाइल आणि धरून भरवणे, हे दोन्ही आजपासून बंद करा. पडद्याकडे पाहणारे बाळ गिळते, पण खायला शिकत नाही. घास कसा आहे, पोट भरले का, याकडे त्याचे लक्षच जात नाही, आणि रडत असताना भरवलेला घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका असतो. पहिले तीन-चार दिवस ती फार कमी खाईल. त्या दिवसांत माघार घेऊ नका. जेवणाची वेळ वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा, तिला सर्वांबरोबर बसवा, तिच्या हातात काहीतरी द्या, तिने मान फिरवली की थांबा. एखादी भाजी नाकारली, तर आठ-दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी, जबरदस्ती न करता पुन्हा समोर ठेवा. दोन जेवणांच्या मध्ये फळांचा रस, बिस्किट आणि गाईचे दूध देऊ नका; बहुतेकदा भूक तिथेच मेलेली असते.

प्रश्न : येत्या संक्रांतीला मुलाचे बोरन्हाण करायचे आहे, तो अकरा महिन्यांचा असेल. काही काळजी घ्यावी का? — एक आई, पर्वती

उत्तर : हे विचारलेत, याचा मनापासून आनंद झाला. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून जे ओततो, त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू या वयात अडकू शकते : बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा, रेवड्या, गोळ्या, चुरमुरे. अकरा महिन्यांच्या बाळाला चिमूट आलेली असते आणि हाती लागेल ते तोंडात जाते. सोहळा जरूर करा; पण एकाने केवळ बाळाच्या हातांकडे पाहत राहावे, ओतण्यासाठी फुलांच्या पाकळ्या आणि मोठी बत्तासे घ्यावीत, आणि मोठी मुले लूट करून गेल्यावर जमीन झाडून घेतल्याशिवाय बाळाला खाली सोडू नये. हलव्याच्या दागिन्यांतील दाणे सुटतात, म्हणून छायाचित्र काढून झाले की दागिने लगेच उतरवावेत. रोजच्या खाण्यातही फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर, सफरचंदाच्या कच्च्या फोडी आणि सीताफळाच्या बिया यांपासून बाळाला दूर ठेवावे.

तरीही घास अडकला आणि बाळ जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला असेल, तर एका वर्षाखालील बाळाला हाताच्या आधाराने पालथे, डोके शरीरापेक्षा खाली राहील असे धरून, जबड्याला आधार देऊन, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. वस्तू बाहेर आली नाही, तर उताणे करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाब द्यावा, आणि वस्तू बाहेर येईपर्यंत हे दोन्ही आलटून पालटून करत राहावे. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाळ निपचित पडले, तर कृत्रिम श्वास आणि छातीवरील दाब सुरू करावे लागतात, आणि ते वाचून जमत नाहीत. संक्रांतीला अवकाश आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कुठे मिळते ते पाहा आणि तुम्ही, मुलाचे वडील व त्याला सांभाळणारी आजी किंवा मावशी, अशा सर्वांनी मिळून ते प्रत्यक्ष शिकून घ्या.